उदगीरकर सरांची सही

उदगीरकर सर रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांना वाटायचं, म्हातारा नरमला. ज्यांना ठाऊक होतं ते खुर्ची पुढे ओढून कान द्यायचे, कारण पुढचं वाक्य चुकलं तर महागात पडायचं.

त्या सकाळी बैठकीच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. टेबलावर चाचणीचा अहवाल होता, त्यावर पेन ठेवलेलं होतं. अहवालाच्या शेवटच्या पानावर दोन सह्या लागत. एक आमचे प्रमुख श्रीनिवास यांची, ती झालेली होती. दुसरी चाचणी विभाग सांभाळणारे म्हणून उदगीरकर सरांची. सरांनी पेन उचललं, त्याचं टोपण बसवलं आणि ते परत टेबलावर ठेवलं.

"माझ्यानं होणार नाही," ते म्हणाले. एवढ्या हळू, की खोलीतला एसी जास्त मोठ्यानं बोलत होता.

त्या अहवालातला सहाव्या पानावरचा ग्राफ मी काढलेला होता, आणि त्यात काय नाही हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि श्रीनिवासना. निदान तोवर मला तसं वाटत होतं.

मी पुण्याची. डॉक्टरेट झाल्यावर हैदराबादला या कंपनीत आले. आमचं काम वायरलेस यंत्रणेचं. दाराच्या फळीएवढं एक पॅनेल, त्यावर चौसष्ट छोटे अँटेना. एकच अँटेना सगळीकडे लाटा उधळतो. चौसष्ट अँटेना एकमेकांशी नेमका ताळमेळ ठेवून लाटा सोडतात तेव्हा त्या लाटा हव्या त्या एका ठिकाणी एकत्र येतात आणि तिथे जोरकस सिग्नल मिळतो. माझा प्रबंध यावरच होता. अँटेना वाढवत गेलं की कामगिरी कशी वाढत जाते याचे सुरेख चढते ग्राफ मी काढले होते.

पहिल्याच दिवशी सरांनी तो प्रबंध मागून घेतला. चार दिवसांनी परत दिला. मध्ये एका पानावर पेन्सिलीनं बारीक खूण होती. तिथे मी लिहिलं होतं, की सर्व अँटेना व त्यांची उपकरणे एकसारखी आहेत असे गृहीत धरू.

"हे कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय सर?"

"एकसारखी चौसष्ट. मी तीस वर्षं या धंद्यात हाय. मला तर एकसारखी दोनसुद्धा दिसली नाहीत." मग त्यांनी खणातून एक थर्मामीटर काढला, तो चिकटवायला चिकटपट्टी दिली आणि मला गच्चीवर पाठवलं. एप्रिलची दुपार होती. पॅनेलच्या पाठीवर, प्रत्येक अँटेनामागे लाटेचा जोर वाढवणारा जो अँपलिफायर असतो तिथे, चौसष्ट जागी तापमान घ्यायचं होतं. वरच्या कोपऱ्यातल्या आणि खालच्या कोपऱ्यातल्या अँपलिफायरमध्ये चौदा अंशांचा फरक निघाला. मी घामानं भिजून खाली आले. सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "जेवा आता. पाणी प्या. उद्या परत."

मला ते आवडले नाहीत. हे लिहायला हवं, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की आमचं पहिल्यापासून जमलं. पहिले सहा महिने मी त्यांना टाळत असे. ते ओरडत नसत, पण चूक झाली तर दोन-दोन दिवस बोलत नसत, आणि ते न बोलणं प्रयोगशाळेभर पसरायचं. एका मुलीनं तर त्यामुळे विभाग बदलून घेतला. सरांना ते कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटल्याचं त्यांना सांगताही आलं नाही. तिच्या नव्या टेबलाशी जाऊन ते तिच्या कॉम्प्युटरची सैल झालेली वायर नीट बसवून आले, एवढंच.

त्यांचं घराणं उदगीरकडचं, शेतकरी. निजामाच्या काळात आजोबा हैदराबादला आले ते इथलेच झाले. चिक्कडपल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर. बायको, मुलगा, सून, नात. त्यांच्या मराठीत उदगीर तसंच होतं आणि त्यावर हैदराबाद चढलेलं. "कशाला परेशान होताव, बाई?" असं ते म्हणत. हो म्हणायचं तर "हौ", नको म्हणायचं तर "नक्को". सगळ्या बायकांना, मग ती बावीस वर्षांची का असेना, "बाई" म्हणत आणि अहो-जाहो करत. मी मुग्धाबाई झाले.

शर्टाचं कापड ते सुलतान बाजारातून घ्यायचे. घरी आणून रात्रभर भिजत घालायचे, वाळवायचे, मग स्वतः मोजायचे आणि मगच शिंप्याकडे न्यायचे. त्यांच्या पत्नी सुमनबाई मला हसत सांगायच्या, "लग्नाच्या आधी मला कसं तपासलं नाही, नवल हाय."

प्रयोगशाळेत त्यांचा एक नियम होता. हातातून काही पडलं की सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. उलट सर स्वतः कँटीनमधून त्याला चहा आणून द्यायचे. पडलेला भाग एका खोक्यात, वर तारीख आणि नाव. नाव शिक्षेसाठी नव्हे, तर पुढे विचारायला लागलं तर कुणाला विचारायचं हे कळावं म्हणून. आमचा तंत्रज्ञ यादगिरी यानं एका वर्षात एकवीस चहा प्यायले होते. "आम्च्या हाताला लोणी लागलंय," तो स्वतःच त्याच्या मोडक्या मराठीत म्हणायचा. यादगिरी वरंगलकडचा, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. सर त्याच्याशी तेलुगूत बोलत, आणि त्याच्यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा आमच्यातल्या कुणावर नव्हता.

तर तो ग्राफ.

शहरापासून दोन तासांवर एक दगडखाण होती. सुरुंग उडवल्यावर खाणीत माणूस पाठवणं धोक्याचं असतं, सैल दगड कधी कोसळेल सांगता येत नाही. म्हणून खाणवाल्यांना दुरून चालवता येईल असा डंपर हवा होता. चालक वर काठावरच्या केबिनमध्ये पडद्यासमोर बसणार, डंपर खाली. मधला दुवा आमचं पॅनेल. डंपरच्या कॅमेऱ्यांची चित्रं वर येणार आणि वळ, पुढे हो, थांब हे हुकूम खाली जाणार.

आम्ही गच्चीवर तीन दिवस चाचणी केली. सकाळी यंत्रणा माझ्या प्रबंधातल्यासारखी चालायची. दुपारी एकनंतर बिघडायची. पॅनेल तापलं की प्रत्येक अँपलिफायर आपापल्या तऱ्हेनं किंचित मागे-पुढे व्हायचा. सर म्हणायचे, "चौसष्ट गडी एकदम दोर ओढतेत तर गाडी हलती. एकेकानं कवाबी ओढला तर नुसता घाम." सकाळी लावलेला ताळमेळ दुपारी उरत नव्हता, आणि लाटा जिथे एकत्र यायच्या तिथून सरकत होत्या.

उपाय होता. दर काही मिनिटांनी यंत्रणेनं आपला ताळमेळ स्वतःच पुन्हा तपासायचा. पण तेवढा वेळ चित्रं थांबतात आणि माहिती पोचण्याचा एकूण वेग कमी दिसतो. खाणवाल्यांना सांगितलेला वेगाचा आकडा मग गाठता येत नव्हता. शिवाय त्यासाठी सॉफ्टवेअर बदलायला चार महिने लागले असते.

श्रीनिवास माझ्या टेबलाशी आले. ते हिंदी आणि इंग्रजीत बोलत, मी इथे मराठीत लिहितेय. "दुपारचे आकडे विचित्र आहेत," ते म्हणाले. "पॅनेलचा पंखा बंद पडला होता ना?"

"मंगळवारी पडला होता," मी म्हणाले.

"मग ते आकडे धरता येणार नाहीत. पंखा बंद असताना घेतलेले."

मी तिन्ही दिवसांच्या दुपारी काढून टाकल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं, पंख्यातील बिघाडामुळे काही नोंदी वगळल्या आहेत. ते वाक्य खोटं नव्हतं. मी स्वतःला हेच सांगितलं. श्रीनिवास वाईट माणूस नव्हते. हे काम गेलं असतं तर विभाग बंद झाला असता, आणि तीस-चाळीस घरं त्यावर चालत होती हे त्यांना रोज आठवत असे. पण मी तेव्हा त्या घरांचा विचार करत नव्हते. मला तो चढता ग्राफ सुंदर वाटत होता.

बैठकीत पेन खाली ठेवल्यावर सरांनी खिशातून त्यांची वही काढली. लांबट, कापडी पाठीची. रोज दर अर्ध्या तासाचं तापमान ते त्यात स्वतः लिहीत, यंत्रात नोंद होत असतानाही. त्यांनी ती माझ्या ग्राफशेजारी उघडून ठेवली.

"पंखा मंगळवारी बंद होता," ते म्हणाले. "बुधवारी चालू. गुरुवारी चालू. तिन्ही दिवस दुपारी एकच हाल."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एकदाही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

श्रीनिवास म्हणाले, "सर, हे नुसतं प्रात्यक्षिक आहे. रिकामी खाण, एक गाडी. सही नंतर करा."

"मग मी संगं येतो," सर म्हणाले. "दोन गोष्टी. डंपरला थांबवायचं एक वेगळं बटण पाहिजे. साधा रेडिओ, या पॅनेलशी त्याचा काही संबंध नक्को. ते माझ्या हातात राहील. आणि पाहुण्यांचा मंडप खाली उतारापाशी नक्को, बांधाच्या मागं."

बटण मिळालं. मंडपावरून मात्र खाणीवर सकाळी भांडण झालं. श्रीनिवासना पाहुण्यांनी डंपर जवळून पाहायला हवा होता, फोटो चांगले आले असते. मंडप उताराच्या पायथ्याशी लागूनही गेला होता. सर त्याच्या मधल्या खांबापाशी जाऊन उभे राहिले आणि हललेच नाहीत. मंडपवाल्यांनी श्रीनिवासांकडे पाहिलं. दहा मिनिटं अशी गेली. शेवटी श्रीनिवासांनी हात झटकला आणि मंडप मातीच्या बांधामागे गेला. त्याच्या जागी ओळीनं आठ पिवळी पिंपं उभी केली, डंपरनं त्यांच्या अलीकडे थांबायचं म्हणून.

सकाळी दहा वाजता सगळं सुरळीत होतं. डंपर रिकामा उतरला, वळला, वर आला. केबिनमधला चालक खूष होता. पण खाणीचे मालकच आले नव्हते. फोन आला, निघालोय. अकरा वाजले, बारा वाजले. सर दर अर्ध्या तासानं माझ्याकडे पाहत आणि मी पॅनेलचं तापमान सांगत असे. एकावन्न. अठ्ठावन्न. एकसष्ट. श्रीनिवास घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. त्यांनाही ठाऊक होतं, आपण दुपारात शिरतोय.

मालक पावणेदोनला आले. त्यांना भरलेला डंपर पाहायचा होता.

"आज नक्को," सर म्हणाले. "उद्या सकाळी सात वाजता दाखवू."

"सर, ते मुंबईला चाललेत संध्याकाळी," श्रीनिवास म्हणाले. आणि मग जवळ येऊन, अगदी विनवून, "एक फेरी. एकच."

सरांनी खाली खाणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक."

डंपर भरायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात वाऱ्यानं दोन पिंपं आडवी झाली. सरांनी यादगिरीला सांगितलं, जा, ती उभी कर, गाडी निघायच्या आत वर ये. यादगिरी उतरला. त्यानं एक पिंप उभं केलं. दुसरं घरंगळत लांब गेलं होतं, तो ते आणायला गेला. वर केबिनमध्ये बसलेल्या चालकाला पडद्यावर उताराची वाट दिसत होती, यादगिरी दिसत नव्हता. त्यानं डंपर सोडला.

मी थर्मामीटरवरून मान वर केली तेव्हा डंपर उतारावर अर्ध्यात होता. केबिनमधून चालकाचा आवाज आला, "चित्र थांबलं." मग लगेच, "ब्रेक दिलाय." आणि मग वेगळ्याच सुरात, "ब्रेक दिलाय, थांबत नाही."

मी त्यापूर्वी उदगीरकर सरांचा वरचा आवाज ऐकलेला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "यादगिरी, हट जाओ," एवढंच, तेलुगू विसरून. दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर आपटून ते शब्द परत आले. यादगिरीनं मागे पाहिलं, पिंप सोडलं आणि तो बाजूच्या मुरमाच्या ढिगावर पालथा पडला. सरांनी बटण दाबलेलं होतं. भरलेला डंपर लगेच थांबत नाही. चाकं जाम झाली, गाडी घसरत आली, तीन पिंपं तिच्याखाली चपटी झाली आणि मग ती थांबली. यादगिरी होता तिथून चार पावलं अलीकडे.

धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही.

सर उतार उतरून गेले, मी मागून धावले. यादगिरी उठून बसला होता. कोपर सोलवटलेलं, बाकी काही नाही. तो हसायचा प्रयत्न करत होता. सर त्याच्याशेजारी मुरमावर बसले. त्याच्या पाठीवरची माती झटकत राहिले, झटकून झाली तरी. त्यांच्या दुसऱ्या हातात ते बटण अजून दाबलेलंच होतं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले तर सर आधीच आलेले. त्यांच्यासमोर एक लिहिलेलं पान होतं, मराठीत. ते आधी मराठीत लिहीत, मग इंग्रजी करत. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

मला वाटलं त्यात माझा ग्राफ असेल. नव्हता. वर लिहिलं होतं, माझ्या चुका. पहिली अशी, की दुवा तुटला तर डंपरनं आपोआप थांबावं यासाठी एक व्यवस्था होती. अर्धा सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर थांब. ती चाचणी सरांनीच प्रयोगशाळेत घेऊन पास केली होती, वायर पूर्ण उपटून. पण खाणीत दुवा पूर्ण तुटला नाही, तुकड्या-तुकड्यानं येत राहिला. प्रत्येक तुकडा आला की डंपरला वाटायचं, दुवा आहे, आणि तो अर्धा सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. ब्रेकचा हुकूम मात्र पुरा पोचतच नव्हता. अर्धवट दुव्याची चाचणी मी कधीच केली नाही, असं सरांनी लिहिलं होतं. दुसरी चूक, एक फेरी करायला मी हो म्हणालो. तिसरी, यादगिरीला खाली मी पाठवलं आणि तो वर आल्याचं पाहिलं नाही.

मी तिसऱ्या ओळीपाशी थांबले. मला पुढचं दिसेना.

"तुमचं पान तुम्ही लिहिताव का मी लिहू?" त्यांनी विचारलं. त्यात धमकी नव्हती. वेळ काय झाला असं विचारावं तसं ते होतं.

"मी लिहिते."

"आजच लिहा, बाई. उद्या शब्द बदलतेत. परवा तर आपलीच चूक आपल्याला वळखू येत नाही."

मी लिहिलं. तीन वेळा फाडलं. पहिल्या तिन्हींत श्रीनिवासांचं नाव पहिल्या ओळीत होतं. चौथ्यात ते तिसऱ्या ओळीत गेलं आणि पहिल्या ओळीत मी आले. सरांनी वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि आपल्या पानाला जोडून दोन्ही पानं श्रीनिवासांच्या खोलीत नेली. आत काय बोलणं झालं ठाऊक नाही. काचेतून एवढं दिसलं, की श्रीनिवास बराच वेळ दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते आणि सर समोर उभे होते. बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

दोन दिवसांनी श्रीनिवासांनी स्वतः खाणवाल्यांना पत्र लिहिलं. काम एक वर्ष पुढे गेलं. वेगाचा आकडा खाली आला. मला कामावरून काढलं नाही. मी मात्र पुढचे कितीतरी महिने यादगिरीच्या समोरून जाताना खाली बघत असे. शेवटी त्यानंच एकदा मला थांबवलं. "मॅडम, माझी मोठी मुलगी दहावीला आहे. गणित शिकवता का?" मी दर रविवारी जाऊ लागले. खाणीतल्या त्या प्रसंगाविषयी तो किंवा मी कधी बोललो नाही.

सर त्याच पावसाळ्यात वयानं निवृत्त झाले. निरोप समारंभाला त्यांनी नको म्हटलं. जायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते गच्चीवर अर्धवट तुटणाऱ्या दुव्याची चाचणी लावत होते, आणि पाचला खाली येऊन हात धुऊन गेले.

पुढच्या मे महिन्यात नवी यंत्रणा तयार झाली. दर काही मिनिटांनी स्वतःला तपासणारी, आणि हुकूम पोचला नाही तर थांबणारी. खाणीवर भर दुपारी चाचणी होती. मी सरांना फोन केला, याल का म्हणून.

"नक्को," ते म्हणाले. "मी आलो तर तुम्ही माझ्याकडं बघत राहाल. गाडीकडं बघा."

चाचणी झाली. पॅनेल उतरवून परत आमच्या गच्चीवर आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढ्यांचा खोका घेऊन चिक्कडपल्लीला गेले. मनात म्हटलं, आज तरी ते खूष होतील.

घरात ते नातीला मराठी वाचायला शिकवत होते. ईशा सातवीत, इंग्रजी शाळेतली. मराठी पटपट बोलायची, पण अक्षरापाशी अडायची. "क्ष... क्षि..." करत ती थांबली की सर गप्प बसून राहायचे, तिनं स्वतः सोडवेपर्यंत. सर वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल दिसत होती. सुमनबाई आतून म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय जिने चढायचे नाहीत, ऐकत नाहीत.

मी खोका पुढे केला. त्यांनी तो घेतला, मांडीवर ठेवला, उघडला नाही.

"किती वेळा थांबवली?"

"चाळीस."

"सगळ्या वेळा थांबली?"

"एकोणचाळीस वेळा अगदी नेमकी. एकदा जरा पुढे गेली, दोन हात. पिंपाला लागलीसुद्धा नाही."

"कशामुळं?"

"धूळ असेल बहुतेक, सर."

"बहुतेक," ते म्हणाले.

ईशानं पुस्तकातून डोकं वर काढून आमच्याकडे पाहिलं. मला अचानक त्या खोलीत बसवेना.

"पॅनेल कुठं हाय आत्ता?"

"आपल्या गच्चीवर."

"त्याच्याजवळ कोण हाय?"

कुणीच नव्हतं. यादगिरीला मीच सुट्टी दिली होती, साजरं करायला.

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजत आले होते. त्यांनी पेढ्यांचा खोका परत माझ्या हातात दिला. "उठा, बाई. अजून दोन तास कडक ऊन हाय. ते गेलं की आज काही सापडायचं नाही."

मी उठले. मला राग आला होता, लाजही वाटत होती, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं. मी नको नको म्हणत असताना ते जिना उतरून खाली आले, कठड्याला धरून, एकेक पायरी.

कारण नवव्या दिवशी सापडलं. धूळ नव्हती. पॅनेलच्या मागे एका वायरीला धरणारी पट्टी जरुरीपेक्षा जास्त आवळली गेली होती. पॅनेल पुरतं तापलं की ती वायर किंचित चेपायची आणि आठ अँटेना एकदम चुकायचे. ती पट्टी मीच आवळली होती. सांगायला फोन केला तर सुमनबाईंनी उचलला. सर दोन दिवसांपूर्वी गेले होते, झोपेत. घरच्यांनी कुणाला कळवलं नव्हतं, तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, रस्त्यावर. घरातल्या स्लिपर घालून ते भर उन्हात कडेला उभे होते. एक रिक्षा थांबेना, दुसरी थांबेना. तिसरीच्या समोर ते हात आडवा करून सरळ रस्त्यात उतरले. रिक्षावाला चिडला. सरांनी खिडकीशी वाकून त्याला दखनीत काहीतरी समजावलं, तसा तो हसला आणि मला बस म्हणाला. मी बसले. रिक्षा निघाली. मागच्या फटीतून मी पाहिलं. सर अजून रस्त्यातच होते. त्यांच्या दोन्ही बाजूंनी स्कूटर आणि बस जात होत्या. ते माझ्याकडे बघत नव्हते. कपाळावर हात धरून ते वर बघत होते, सूर्य कुठवर आलाय ते.